टिंबांची हद्द

माझा धाकटा भाऊ मधू कोथरूडच्या आमच्या घरातून उठून गेला, तो रविवार होता. सकाळचे सव्वानऊ वाजले होते. त्याने चहा घेतला नाही. त्यानंतर तो पुण्याला आला नाही.

आम्ही मूळचे आर्वीचे, वर्धा जिल्ह्यातले. वडील जिनिंगमध्ये होते, कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधतात तिथे, आणि हंगामात घरी आले की त्यांच्या भुवयांवरसुद्धा कापूस असायचा, आई म्हणायची, अंगणातच झटका अन् मग आत या. मधू माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्याच्या भूगोलाच्या वहीतले नकाशे मीच भरून द्यायची आणि मार्क तो घ्यायचा. माझी रेघ लहानपणापासून सरळ, आणि ती रेघच मला इकडे घेऊन आली असं म्हणा, कारण ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या होत्या म्हणून लग्नानंतर शनिवार पेठेतल्या एका प्रकाशनात काम मिळालं. ट्रेसरचं काम. शाळेतल्या मुलांसाठी भिंतीवरचे नकाशे, पुस्तकातले नकाशे, सगळे हाताने, शाईने. एक डाग पडला की आठवडा वाया.

पुण्याने मला वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. पण काय सांगू तुम्हाला, पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, अहो, तुमचं मराठी छान आहे हो, मी म्हटलं, माझी भाषाच ती आहे, तर म्हणाल्या, हो का, आम्हाला वाटलं तिकडे सगळं हिंदीच. त्या काही दुष्ट नव्हत्या, पुढे माझ्या बाळंतपणात त्यांनीच डिंकाचे लाडू केले. पण त्या दिवसापासून मी येऊन राहिले, करून राहिले असं बोलणं सोडलं. सहा महिन्यांत सोडलं. मधू आला की तेवढं परत यायचं.

मधू तिकडेच शाळामास्तर झाला आणि वेगळ्या विदर्भाच्या कामात पडला. नुसतं सभेला जाऊन टाळ्या वाजवणं नाही, गावोगाव सायकलने फिरायचा. वर्षातून एकदा आमच्याकडे यायचा, आणि आमचे हे, टपाल खात्यात होते, दार उघडतानाच म्हणायचे, या मधुकरराव, पासपोर्ट आणलात का? मधू म्हणायचा, भाऊजी, या खेपेला चालून जाईल, पुढच्या खेपेला घेऊनच येतो. दोघं हसायचे. मग जेवताना हसणं संपायचं. मधू म्हणायचा, कापूस आमचा, कोळसा आमचा, वीज आमच्याकडे होते अन् पंखा तुमच्याकडे फिरते, आमच्या वाट्याले धूर. सरकार हिवाळ्यात येते, हुरडा खाते, संत्री खाते अन् वापस जाते. हे म्हणायचे, मग राहा वेगळे, आम्ही काय धरून ठेवलंय? मधू म्हणायचा, धरूनच तर ठेवलं ना भाऊजी. मी पोळ्या वाढत राहायची. माझं मत मला कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारलं नाही.

एका दिवाळीत तो म्हणाला, ताई, मले एक नकाशा काढून दे. आपल्या राज्याचा. आमच्याकडे पत्रकं आहेत, भाषणं आहेत, पण पोरायले दाखवाले नकाशा नाही. लोकाइले डोळ्यानं दिसलं पाह्यजे. अन् तुह्या हातचा पाह्यजे.

तो गेल्यावर हे म्हणाले, मी सरकारी नोकर, आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर नवीन राज्य काढायचं चाललंय. काढ, पण खाली नाव घालू नकोस. ऑफिसात कळलं तर तुझं जाईल ते जाईल, माझी चौकशी लागेल. मला ते पटलं. मधूला पत्राने कळवलं, नाव नको. मग रोज संध्याकाळी, स्वयंपाकाच्या आधी, टेबल पुसून घ्यायची आणि कागद पसरायची. कुणी आलं की वर चादर टाकायची. बेल वाजली की वाटायचं, कुणीतरी विचारेल, अहो, हे काय काढताय? पण रेघ मात्र सरळच यायची. वर्धा नदी, पैनगंगा, वैनगंगा, मेळघाटचे डोंगर. आर्वीचं टिंब मी जरा ठसठशीत काढलं. त्या टेबलावर मला फार दिवसांनी घरी गेल्यासारखं वाटलं. नकाशा पोस्टाने पाठवला, आणि महिनाभर उत्तर नाही.

मग तो आला, त्या रविवारी, न कळवता. हातात छापलेला नकाशा, सुरळी केलेला. यांना पासपोर्टचं म्हणायची सवय, पण त्याचा चेहरा बघून हे आत गेले. मधूने नकाशा टेबलावर उघडला. खाली कोपऱ्यात छापलं होतं, रेखाटन, माझं नाव, पुणे. मी म्हटलं, मधू, नाव नको म्हटलं होतं ना. तो म्हणाला, मले अभिमान होता म्हणून टाकलं. नाव सोड. हे पाह्य.

आता तुम्हाला सांगायला हवं. आमच्या कामात राज्याची सीमा म्हणजे रेघ-टिंब-रेघ-टिंब. जिल्ह्याची सीमा म्हणजे नुसती टिंबं. वर मध्य प्रदेश, खाली आंध्र, तिकडे मी रेघ-टिंब काढलं होतं, बरोबर होतं. पण पश्चिमेला, बुलढाण्यापासून यवतमाळपर्यंत, जिथे उरलेला महाराष्ट्र लागतो, तिथे नुसती टिंबं होती. आणि खाली सूचीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, टिंबं म्हणजे जिल्हा. म्हणजे वेगळ्या राज्याच्या नकाशात ते राज्य वेगळं झालेलंच नव्हतं.

तेवीस वर्षं ती हद्द मी टिंबांनीच काढत आले होते. शेकडो वेळा. हात तिथे आला की टिंबंच पडायची, मी बघतसुद्धा नसे.

मधू सांगत होता, मोठ्या सभेत लावला, हजार लोक, अन् एक म्हातारे वकील उठले, चष्मा लावला, बोट फिरवलं, अन् म्हणाले, मास्तर, हे तर जिल्हे आहेत, राज्य कुठं आहे? मग खाली वाचलं, पुणे. अन् सारे हासले, ताई. आपलेच लोक हासले. म्हणाले, पुण्याच्या बाईनं बरोबर काढलं. मले एकच सांग. जाणूनबुजून केलं का तू?

मी लगेच, नाही रे, असं म्हणायला हवं होतं. पण मी नकाशाकडे बघत राहिले. आमच्या कामाची सवय होती ती, छापलेलं प्रूफ समोर आलं की आधी नीट बघायचं, शेवटपर्यंत बघायचं, मगच तोंड उघडायचं. मी बुलढाण्यापासून खाली टिंबं बघत गेले आणि मनात तपासत होते, हे कसं झालं, खरंच चुकून झालं का, की मला वेगळं व्हायचंच नव्हतं. मला कळेना. यवतमाळपर्यंत आले आणि मान वर केली तर मधू सुरळी करत होता. म्हणाला, समजलं मले. पुण्याची झाली तू. मी म्हटलं, मधू, नाही रे, चहा टाकलाय, बस. तो म्हणाला, राहू दे.

मी दुसरा नकाशा काढून रजिस्टरने पाठवला, पश्चिमेला ठळक रेघ-टिंब-रेघ. पोचपावतीवर त्याची सही आली. पत्र नाही. नंतर भाऊबिजेला दर वर्षी मी ओवाळणीचं ताट करून ठेवायची आणि यांना ओवाळायची, हे म्हणायचे, मी काय तुझा भाऊ आहे? आणि तरी पाटावर बसायचे. आमचं ऑफिस पुढे कॉम्प्युटरवर गेलं आणि माझं काम संपलं. नावाबद्दल मला कुणी कधी काही विचारलं नाही. यांची चौकशी लागली नाही. ज्याची भीती होती त्यातलं काहीच झालं नाही.

मधू सहा वर्षांपूर्वी गेला. फोन त्याच्या बायकोने, शालिनीने केला. मी पोचले तेव्हा सगळं झालं होतं. तेराव्याला त्याचे चळवळीतले सोबती आले होते, त्यातले एक हात जोडून म्हणाले, आपणच का त्या पुण्याच्या ताई? चांगल्या मनाने म्हणाले. मी हो म्हटलं. शालिनीला विचारायचं होतं, तो माझ्याबद्दल काही बोलायचा का. ती भांडी घासत होती, मी तिच्या शेजारी बसून विसळत राहिले, आणि विचारलं नाही.

आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. हे चार वर्षांपूर्वी गेले. ती टिंबं मी मुद्दाम काढली नव्हती. तुम्ही लिहून घेताय म्हणून सांगते, आणि तेसुद्धा शपथेवर सांगता यायचं नाही. विदर्भ वेगळा झालेला नाही. मधूचा मुलगा सौरभ इंजिनियर झाला, तिकडे त्याच्याजोगं काम मिळालं नाही, तो इथे पुण्यातच खराडीला कंपनीत आहे, शालिनीही त्याच्याकडेच असते. पोरगा गुणी आहे, सुखी राहो. एक रविवार सोडून दोघं माझ्याकडे जेवायला येतात. त्याने इकडेच फ्लॅट घेतला आहे. आर्वीच्या घराला कुलूप आहे, किल्ली शेजाऱ्यांकडे असते.