चढावरची तक्रार

सर्व्हिस सेंटरच्या वेटिंग रूममध्ये भूगोलाच्या बाई आपल्या गाडीची वाट बघत मासिक चाळत होत्या. शेजारच्या टेबलाशी एक गृहस्थ सुपरवायझरशी बोलायला लागले, तेव्हापासून बाईंनी पान म्हणून उलटलं नव्हतं.

“टर्बो बदलला, पाइप बदलला, तरी चढावर जोर जातोच म्हणता?”

“जातो. सायकलवाले पुढे निघून जातात.”

“आमच्या माणसाने कालच त्या चढावर नेली, साहेब. सुसाट गेली.”

“तो एकटा होता. गाडी भरली की होतं. बायको, आई, सासरे, मागे सामान.”

“मग उद्या सगळ्यांना घेऊन या. त्यांच्यासकट ट्रायल घेऊ.”

“ते आता एका गाडीत बसायचे नाहीत.”

“का?”

“मागच्या वेळी चढावर बंदच पडली. सासरे म्हणाले, ही गाडी पसंत कोणी केली? आई म्हणाली, तुमच्याच लेकीने. टोइंगवाल्याला यायला उशीर झाला. तोवर सगळ्यांचं बरंच बोलून झालं.”

“अरेरे.”

“सासरे आपल्या घरी गेले. बायको त्यांच्याबरोबर गेली. आई माझ्या बहिणीकडे राहते.”

“म्हणजे सध्या गाडीत कोण असतं?”

“मी.”

“एकटेच?”

“एकटाच.”

“आणि चढावर?”

“चढते.”

“मग तक्रार मिटली म्हणायची. गाडी धुऊन देऊ?”

“द्या. मागची सीट राहू द्या, ती स्वच्छच आहे.”