उलटी दांडी

हॅलो?… कोण, मिस्त्री का?… आवाज तुटतोय तुमचा. मी बाथरूममध्ये स्टुलावर उभा आहे, चष्मा खाली बादलीत पडलाय… नाही, थांबा, आधी माझं ऐकून घ्या. मधे थांबवलंत तर पुन्हा बोलायचा धीर व्हायचा नाही मला.

हे पाहा, सकाळी तुम्ही म्हणालात, गिझरचं उद्या बघू. उद्या उपयोग नाही. माझी बायको आज घरी येतेय. खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून मुलीकडे आहे. आणि मुलीने बजावलंय, घरात गरम पाण्याची धड सोय असेल तर आई राहील, नाहीतर त्याच पावली परत नेईन. वर म्हणाली, बाबा, तुम्हीही चला, घराला कुलूप लावू.

मुलीचंही चूक नाही हो. मध्यंतरी मी गॅसवर पाणी तापवून पातेलं बाथरूमकडे नेत होतो. पकड सुटली, पायावर सांडलं. तिने ती पट्टी पाहिली. हेच आईच्या अंगावर सांडलं असतं तर, असं विचारलं तिने.

म्हणून भिंतीला धरायला दांडा बसवून घेतला, खाली रबरी चटई घातली, सकाळी हात द्यायला एक बाई ठरवली. सगळं झालं. राहिला गिझर, आणि तो आज मी माझ्या हाताने जाळला.

तुम्ही हसत असाल… हसा. पण या. मला कुलपाचं काही नाही. पण तिकडे ती पाहुणी झालीय. परवा फोनवर मला विचारत होती, आपल्या खिडकीतलं ऊन हल्ली कुठवर येतं. मी म्हटलं, टेबलापर्यंत.

आणि मी… संध्याकाळी वाचता वाचता एखादी ओळ आवडली, की मान वर न करता म्हणतो, ऐकलंस का? नेहमीची सवय. ऐकायला खोलीत कुणी नसतं. मग ती ओळही नकोशी होते. हे तुम्हाला का सांगतोय कोण जाणे. तिला कधी सांगितलं नाही.

तुम्ही काहीच बोलत नाही… हॅलो?… मिस्त्री?

…

तू?

अगं, तू कशी?… लेकीच्या फोनवरून?… मग आधीच नाही का सांगायचं… हो, मीच बोलू दिलं नाही, खरं आहे… सगळं ऐकलंस?… ते मिस्त्रीला उद्देशून होतं. त्याच्या मनाला पाझर फुटावा म्हणून जरा… नाही, खोटं नव्हतं. खोटं कशाला असेल…

कुठे आहात तुम्ही?… औषधाच्या दुकानापाशी? म्हणजे पोहोचलातच की… ती आत गेलीय? मग ती बाहेर आली की तिला तूच सांग ना. म्हणावं, बाबांकडून नाही झालं, गाडी वळव. मला तिच्यासमोर उभं राहायचा धीर नाही… अगं, रडत नाहीये मी. बाथरूममध्ये आवाज घुमतो.

उतरलो. उतरलो स्टुलावरून… हो, चष्माही काढला… पुसतोय, शर्टालाच पुसतोय. बोल.

काय केलं म्हणजे… सांगतो, पण ओरडू नकोस. इतके दिवस गिझर लावलाच नव्हता मी… भीती वाटते त्याची. तूच लावायचीस नेहमी… तुला विचारायची लाज वाटली. नळाखाली उभं राहून आयुष्य गेलं आणि गिझर कसा लावतात हे बायकोला इस्पितळात फोन करून विचारायचं?… बरं, असू दे.

तर आज म्हटलं, तू येणार, आतलं शिळं पाणी काढून टाकू. घरदुरुस्तीच्या पुस्तकात तसं दिलंय… हो, पुस्तकातच. हसू नकोस ना. त्यात म्हटलंय, पाण्याचा कॉक आधी बंद करा. त्याची दांडी नळीच्या रेषेत म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. आपली आडवीच होती. म्हटलं, बंद आहे. खालचा स्क्रू सोडला, पाणी वाहायला लागलं, ते थांबेचना. गच्चीवरची टाकी आपल्या बाथरूममध्ये रिकामी होतेय की काय असं वाटलं. घाबरून दांडी फिरवली, सरळ केली. मग जरा वेळाने पाणी थांबलं.

हो… हो, तेव्हा आलंच होतं मनात. की आपली दांडी उलटी असावी. सरळ केल्यावर पाणी थांबलं, म्हणजे… पण पुस्तकात इतकं स्पष्ट लिहिलेलं. म्हटलं, चुकत असेन मीच, नेहमीसारखा. दांडी सरळ आहे, म्हणजे गिझरची टाकी भरतेय. स्क्रू घट्ट केला, बटण लावलं. थोडा वेळ बरं चाललं, मग करपल्यासारखा वास, टक्कन आवाज, आणि गिझरचा दिवा गेला. रिकामीच तापवली गं मी टाकी.

…उलटीच आहे?

कधीपासून?… बसवला तेव्हापासून? दांडी सरळ केली की तुझ्या कोपराला लागायची, म्हणून प्लंबरकडून तूच फिरवून घेतलीस? आणि मला इतकी वर्षं… मी कधी विचारलंच नाही. हो. तेही खरं.

म्हणजे डोळ्यांना दिसत होतं ते बरोबर होतं.

पण आता काय करायचं? जळला तो जळला… नाही जळला? तुला काय माहीत?… तुझ्याही हातून असाच तापला होता रिकामा?… कधी? मला बोलली नाहीस… मी वाचत होतो म्हणून. बरं. वाचत असणारच मी.

सांग, काय काय करू… भिंतीवरचं बटण बंद. बंदच आहे… पुन्हा बघतो. बंद… दांडी आडवी. केली… अगं, आत पाणी पडायला लागलं. सळसळ ऐकू येतेय. ऐकू येतं का तुला? हा फोन धरतो तिकडे… आलं?

आता गरम पाण्याचा नळ सोडून ठेवतो… नुसतीच हवा येतेय, फुसफुस… हो, धार लागेपर्यंत धीर धरतो. हल्ली दुसरं काय करतोय?

…काय? पापड? कसले पापड? मी गिझरबद्दल बोलतोय आणि तू… मला वहिनी का म्हणतेस?

अच्छा. लेक आली गाडीत.

बरं बरं. मी वहिनी. मी विचारतो, तू नुसतं हो-नाही म्हण. धार लागली गं, चांगली जाडसर. नळ बंद करू?… केला. आता?… हो, गिझरच्या पोटाखाली एक भोक दिसतंय. आत लाल काहीतरी आहे. जास्त तापलं की तेच सुटून गिझर बंद पडतो?… ते दाबायचं?… बोटाने?… नाही. मग कशाने? वहिनींना कळेल असं सांग काहीतरी… माझ्या कानावर?

आहे की. पेन्सिल आहे कानावर. तुला कसं कळलं?… बरं, नाही विचारत.

दाबतो. जात नाही… जोर लावू? मोडली तर?… लावतो. देवा, एवढं एक…

टक् झालं. तसंच, मघासारखं.

आता हात कोरडे करतो. केले. बटण लावू? तू लाव म्हणालीस तरच लावतो… माझं मला ठरवू दे म्हणतेस? अगं, मी ठरवायला लागलो की काय होतं ते बघितलंस ना आत्ता… हो. मघाशी माझंच बरोबर होतं. हो.

लावलं.

दिवा लागला. लाल. ऐक ना, दिवा लागला गं… वास? नाही, वास नाही. गुणगुणतोय जरासा.

पण आता तापणार कधी? तुम्ही तर कोपऱ्यावर आला असाल… कोमट चालेल म्हणजे? तुला चालेल, तिला कसं चालेल? हात घालून बघणार ती… कढत होतं असं सांगशील? खोटं बोलशील, तेही लेकीशी?… नको. त्यावरून परत घेऊन गेली, तर सोय नव्हती म्हणून नेलं असं होणार नाही. फसवलं म्हणून नेलं असं होईल.

काय?… मघाचं? मिस्त्रीला म्हटलं ते पुन्हा म्हणू? आत्ता?… फोनवर नको गं. वर ये. वर आलीस की सांगतो. आज एक ओळ सापडलीय, तीही वाचून दाखवतो.

काय झालं?… कुणाला देतेस? नको, देऊ नकोस… हॅलो?

हो बाळ. मीच… नाही, वहिनी नाही, मीच होतो… तिला काही म्हणू नकोस, मीच घोळ घातला होता. सांगेन सगळं… गिझर चालू आहे. हो, आत्ताच चालू झाला… पाणी? थांब, नळ सोडून बघतो. अंदाजाने नाही सांगत.

…

कोमट आहे.

खरं तेच सांगतोय, आत्ता कोमट आहे. पण तापतंय… खाली उभे आहात? मग असं कर. तिला जिन्याने हळूहळू आण. एकेका पायरीवर थांबू दे, कठडा धरू दे, दमली तर मधल्या टप्प्यावर बसू दे… हो, दार उघडून ठेवतो.

आणि बाळ, घाई करू नकोस. ती वर येईपर्यंत तापेल… हॅलो?… हॅलो?