चटईखालचं फुरसं

माझं लग्न कसं जमलं, ते ऐका. थंडी सुरू झाली की आम्ही अंगण सारवायचो आणि पाऊस आत येऊ नये म्हणून ओटीला बांधलेले माडाच्या झावळ्यांचे झाप काढायचो. त्या दिवशी मला बघायला पाहुणे येणार होते. मी घाईनं शेवटचा झाप ओढला, तर त्यातून फुरसं, हातभर विषारी साप, पडलं आणि पाहुण्यांसाठी अंथरलेल्या चटईखाली शिरलं. तेवढ्यात अंगणातून बाबांचा आवाज आला, "या, बसा."

मुलाची आई नेमकी तिथंच पाय लांब करून टेकली. माझी दातखीळ बसली.

"नाव काय गो तुझं?"

मी खालीच बघत होते. चटईचा काठ हलत होता, तिच्या टाचेजवळ.

ती उठली, तसं फुरसं सरपटत कुडाच्या भिंतीकडे गेलं. मलाच दिसलं.

जाताना ती माझ्या आईला म्हणाली, "पोर लय गुणाची हाय. माझ्या पायांवरनं नजर काय हटली न्हाय तिची."