नळ आल्यावर हाफटाइम

तुळशीराम: ...अन् मधात बंडूभाऊचा फोटो. हा एवढा मोठा. खाली ‘श्रद्धांजली सामना’. बॅनरवाल्याले मी सांगून बी आलो, फक्त तुह्यी हो पाहिजे.

क्षमा: नाही, काका.

तुळशीराम: फोटो नाही आवडला? दुसरा काढू. तो ट्रॉफी पकडलेला आहे ना, जवानीतला—

क्षमा: फोटो चांगला आहे. बॅनर नको.

तुळशीराम: पाह्य क्षमा, तू समता कॉलनीत राहते, कॉलेजात शिकवते. तुले इकडलं, गुढियारीतलं माहीत नाही. रविवारी पार्षद, आपला नगरसेवक, मॅच पाहाले येऊन राहिला. लोकं दिसले त मैदान क्लबचं. नाही दिसले त तिथं लग्नाचं लॉन. त्यानं माह्या तोंडावर सांगतलं, “तुलसीराम भैया, खेलने वाले बाईस और देखने वाले बारह, ये क्लब है कि मजाक है?”

क्षमा: मागच्या वेळी गर्दीसाठी काय केलं होतं तुम्ही?

तुळशीराम: डीजे लावला होता.

क्षमा: आले लोक?

तुळशीराम: आले ना! पोट्टे असे नाचले, असे नाचले, धूळ उडाली. मले वाटलं, जमलं. मंग रेफरीनं शिटी वाजवली, डीजे बंद झाला, अन् डीजेच्या मागं मागं पब्लिक बी गेली.

क्षमा: त्याच्या आधी?

तुळशीराम: समोसे. फुकट. द्रोण घेतला अन् घरी. एक जण त दोनदा आला, म्हणे घरी पाहुणे आहेत. तू हसून राहिली.

क्षमा: नाही.

तुळशीराम: हसून राहिली. बापासारखी, तोंड बंद ठेवून. हसणं सोपं आहे. तिकडं तेलीबांधाले तलाव आहे, लाइट आहे, आइसक्रीम आहे. इकडं काय आहे? धूळ अन् मी.

क्षमा: म्हणून आता बाबांचा फोटो.

तुळशीराम: पाऱ्यात, पूर्ण वस्तीत इज्जत होती त्याची. तू पांढरी साडी नेसून स्टेजवर बस, दोन शब्द बोल. लेक बोलली की लोकाले गहिवरून येते.

क्षमा: गहिवर हाफटाइमपर्यंतही टिकत नाही, काका. आणि डीजे नाही चालला म्हणून बाबांना लावायचं, हे मला जमणार नाही.

तुळशीराम: मी असं म्हणलो का?

क्षमा: तुम्ही नाही म्हणालात. बॅनर म्हणेल.

तुळशीराम: मंग काय करू? सांग. तो बॅक खेळे, मी त्याच्या मागं गोलमध्ये. पूर्ण जिंदगी मी त्याची पाठ पाहिली. आता मैदान बी गेलं त मी उभा कुठं राहू?

क्षमा: मैदान जाणार नाही. मी जाऊ देणार नाही.

तुळशीराम: तू? तू आजपर्यंत मैदानात पाय नाही ठेवला!

क्षमा: बाबांनी ठेवू दिला नाही. तिथं शिव्या असतात म्हणायचे. पण जेवताना पूर्ण मॅच सांगायचे, ताटात वाट्या मांडून. वरणाची वाटी म्हणजे समोरचा कॅप्टन. लिंबाची फोड म्हणजे रेफरी. तुम्ही मीठ.

तुळशीराम: मी मीठ?

क्षमा: कोपऱ्यात असायचं ना. गोलकीपर.

तुळशीराम: ...बरं. बॅनर नाही त नाही. त्याची खुर्ची तरी राहू दे. माइकजवळची, जिथून तो मॅच सांगे. हार घालून रिकामी ठेवू. तिच्यावर कोणाले बसू नाही देणार मी.

क्षमा: खुर्ची ठेवा. हार नको.

शांताबाई: कोण आहे रे क्लबात? हे घ्या तुमचा बॉल! अजून एकदा माह्या ड्रममध्ये पडला त पपईसारखा चिरून टाकीन.

तुळशीराम: शांता, पोट्टे प्रॅक्टिस करून राहिले—

शांताबाई: गोल तिकडं अन् बॉल माह्या घरात, ही कोणती प्रॅक्टिस? भरलेला ड्रम ओतून द्यावा लागला. उद्या नळ येईन तवापर्यंत काय पिऊ, तुह्यं डोकं? ...ही कोण? क्षमा का? बंडूभाऊची? अगं माय, किती वाळली पोट्टी.

क्षमा: बसा ना, शांतामावशी.

शांताबाई: बसत नाही, कणीक भिजवून आली. बंडूभाऊ गेले तवा मी गोंदियाले होती, भावाकडं. येणं नाही झालं माह्यानं.

क्षमा: असू द्या. मावशी, तुमचा ओटा तर मैदानाच्या समोरच. मॅच पाहता का कधी?

शांताबाई: हव, पाहते ना. आधा.

क्षमा: अर्धीच? आवडत नाही?

शांताबाई: आवडून काय करू? चारले सुरू होते, रंगात आली की नळ येते. मंग डबे उचला अन् लाइनीत लागा. भरून येते त मैदान साफ. मले एका बी मॅचचा शेवट डोळ्यानं पाहाले नाही भेटला. पहिले समजत तरी होतं. बंडूभाऊ माइकवर सांगे. “विकी ने मारा, बाहर मारा, गोल छोड़ के पूरे रायपुर में मारा!” आम्ही लाइनीत हसून हसून. शेवंताचा डबा भरून वाहत राहे, तिले पत्ता नाही.

क्षमा: नळापर्यंत ऐकू यायचं?

शांताबाई: काहून नाही येणार? एक भोंगा आमच्याकडंच होता ना तोंड करून. आता तो बी मुका झाला.

तुळशीराम: हव, दोन भोंगे होते. एक मैदानाकडं, एक उलटा, पाऱ्याकडं. मी किती वेळा सांगतलं, बंडू, आवाज वाया जाऊन राहिला, फिरव त्याले. म्हणे, राहू दे, बरोबर आहे.

शांताबाई: वाया कायचा? आम्ही होतो ना तिकडं.

तुळशीराम: मले कधी बोलला नाही तो.

शांताबाई: तू विचारलं कधी?

क्षमा: मावशी, नळावर कोण कोण असतं त्या वेळी?

शांताबाई: पूर्ण गल्ली. बाया, म्हातारे, पोट्टे. बायकोले भेणारे नवरे बी राहतात, पण ते मागं उभे राहतात.

क्षमा: काका, तुमची गर्दी तिथं आहे.

तुळशीराम: नळावर?

क्षमा: मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, डबे घेऊन. बाबांना माहीत होतं. भोंगा फिरवला त्यांनी, पण वेळ नाही फिरवली.

तुळशीराम: बापाले नाव नको ठेवू. चारची वेळ त्यानंच बांधली होती. रेल्वेची शिफ्ट सुटे, माणसं टिफिन घेऊन सरळ मैदानात येत. भिंतीवर बसाले जागा नाही राहत होती.

क्षमा: ती शिफ्ट बंद झाली ना?

तुळशीराम: झाली. कधीचीच.

क्षमा: भिंतीवरच्या त्या माणसांपैकी आता कोण आहे?

तुळशीराम: मी आहो.

क्षमा: ...नाव नाही ठेवत, काका. वडील होते म्हणून त्यांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही, एवढंच. त्यांनाही ते आवडलं नसतं.

तुळशीराम: बरं, बदलू वेळ. पाणी झाल्यावर ठेवू मॅच.

शांताबाई: तवा अंधार पडते. लाइट कुठं आहे तुमच्या मैदानात?

तुळशीराम: मंग दुपारी ठेवू.

शांताबाई: उन्हात? पोट्टे भाजून निघतीन. अन् त्याईची ड्युटी तू करशीन का?

क्षमा: चारलाच सुरू करू. नळ आला की हाफटाइम.

तुळशीराम: काय?

क्षमा: नळ आला की शिटी. सगळ्यांनी जायचं, पाणी भरायचं, परत यायचं. मग दुसरा हाफ.

तुळशीराम: अवं बाई, नळ कधी लवकर येते, कधी आम्हाले रडवून येते! फुटबॉलले कायदा आहे. दोन्ही हाफ सारखे पाहिजेत.

क्षमा: पहिला छोटा झाला तर दुसरा मोठा खेळू. बाजू मधे आणखी एकदा बदलू, म्हणजे कोणावर अन्याय नको. आपलाच सामना आहे, कप आपणच देतो आहोत.

तुळशीराम: समोरच्या टीमचे बीरगाववाले हसतीन.

क्षमा: हसू द्या. हसायला तरी लोक येतील.

तुळशीराम: अन् पार्षद बरोबर त्याच टाइमले आला त? रिकामं मैदान पाहीन अन् उभ्या उभ्या लॉनवाल्याले देऊन टाकीन. पाणी घेऊन घरी गेलेली बाई वापस येते का? स्वयंपाक आहे, लेकरं आहेत. एकदा गेलेलं माणूस वापस नाही येत, क्षमा.

क्षमा: ते मला माहीत आहे.

तुळशीराम: ...मी तसं नाही म्हणलो.

क्षमा: कळलं मला, काका. मावशी, तुम्ही याल परत?

शांताबाई: तो विकी राहीन का?

क्षमा: असेल.

शांताबाई: त्याले सांगजो, डाव्या पायानं मारू नको म्हणा. पाहते मी. शब्द नाही देत.

(रविवार. मैदानाजवळ टेबल, माइक आणि बाजूला एक रिकामी खुर्ची. नळ आला आहे. रेफरीची शिटी नुकतीच वाजली आहे.)

क्षमा: हॅलो. हॅलो. नल आ गया है। हाफटाइम। सब लोग आराम से पानी भर लीजिए। आपके आने तक बॉल नहीं हिलेगी। स्कोर है, बीरगाव एक, हम शून्य।

तुळशीराम: शून्य काहून सांगतलं? हरून राहिलो म्हणलं त कोण येईन वापस?

क्षमा: बाबा खोटा स्कोर सांगायचे?

तुळशीराम: शिव्या देऊन सांगे, पण खरा सांगे. ...पाह्य. पाह्य कसे उठून चालले. आताच त भिंत भरली होती, मले वाटलं, चला, जमलं. अन् तूच पाठवून देल्ले.

क्षमा: पाणी भरायला पाठवले. भोंगा फिरवलात ना?

तुळशीराम: दोन्ही तिकडंच केले. पार्षद आला, तिकडं गाडीजवळ उभा आहे. विचारून राहिला, पब्लिक कहाँ गई.

क्षमा: सांगा ना, नळावर गेली.

तुळशीराम: मी? मी नाही सांगत. तुह्यी आयडिया, तू सांग.

क्षमा: मग मी सांगते. हॅलो. पार्षद जी, नमस्ते। पब्लिक नल पर है। आप भी उधर जाकर देख लीजिए। पानी सुबह मिल जाए, तो यही पब्लिक पूरा मैच बैठेगी।

तुळशीराम: मेलो! माइकवर बोलली! पूर्ण पाऱ्यानं ऐकलं!

क्षमा: भोंगे तिकडंच आहेत, ऐकलंच असेल. रागावले का ते?

तुळशीराम: समजत नाही. हसून राहिला... नाही, हसून नाही राहिला. चालला.

क्षमा: गाडीकडं?

तुळशीराम: नळाकडं. धोतरवाले म्हातारे सोबत घेऊन चालले त्याले.

क्षमा: जाऊ द्या. लॉनवाले त्यांना मंडप दाखवतील, आपण लाइन दाखवू.

तुळशीराम: आरं! हे काय! बीरगावचा गोलकीपर पाह्य!

क्षमा: काय झालं?

तुळशीराम: डबा उचलून राहिला. हातमोजे घालून! अन् त्याच्या मागं विकी, दोन दोन घेऊन. हे शेवंताचं काम आहे. लवकर भरा म्हणली असन, म्हणजे लवकर सुरू.

क्षमा: डाव्या हातानं सांडत तर नाही ना विकी?

तुळशीराम: मजाक नको करू. ऊन उतरून राहिलं. रेफरी घड्याळ दाखवून राहिला.

क्षमा: थांबा म्हणावं.

तुळशीराम: कुठपर्यंत?

क्षमा: बॉल हलणार नाही असं मी माइकवर बोलले आहे.

तुळशीराम: अन् कोणीच नाही आलं त?

क्षमा: तर तुम्ही आणि मी पाहू. मी आजपर्यंत एकही मॅच पाहिली नाही, काका. ताटातल्या सोडून. ही मी शेवटपर्यंत पाहणार. नंतर इथं मंडप पडो नाहीतर काही पडो.

तुळशीराम: ...तो खरंच मले मीठ म्हणे?

क्षमा: मीठ. मला मीठ वाढताना हात लागून सांडलं की ओरडायचे, “गोल!”

तुळशीराम: हलकट. मी त्याच्यासाठी गुडघे फोडले.

क्षमा: आणि मग स्वतःच गोळा करून परत कोपऱ्यात ठेवायचे.

तुळशीराम: ...त्या माइकची वायर लांब कर जरा. पायात येऊन राहिली.

शांताबाई: सरका, सरका! अजून सुरू नाही केलं?

क्षमा: तुमचीच वाट पाहत होतो, मावशी. आपण एकनं—

शांताबाई: ते ऐकलं नळावर. पहिले सुरू करा. शेवंते, इकडून ये! त्या चुन्याच्या लाइनीवर पाय नको देऊ. तुह्या सुनेले बी घे. अवं, पोट्टं रडत असन त कडेवर घे, पण ये!

तुळशीराम: हे सगळे... हे सगळे कुठून?

शांताबाई: कुठून म्हणजे? नळावरून. मागं अजून आहेत, डबे घरात ठेवून येऊन राहिले. तो पार्षद बी माह्या ओट्यावर बसून चहा पिऊन राहिला, म्हणे मावशी, रोज इतनी लाइन रहती है? मी म्हणलं, बेटा, तू रोज ये.

क्षमा: काका, रेफरीला सांगा. सुरू करू.

शांताबाई: थांब, मले बसू दे. पूर्ण साडी ओली झाली. भिंत त भरली वाटते, मी कुठं बसू? या खुर्चीवर कोणी आहे का?

क्षमा: मावशी, ती—

तुळशीराम: होता. तू बस.