सौरडागांचा एक गुण

तुम्हाला मी रायापूरच्या प्रश्नमंजुषेचं सांगितलं नाही ना? अंतिम फेरीत दोन्ही संघांचे गुण सारखे झाले होते आणि शेवटचा प्रश्न आला, "सूर्यावरच्या डागांचं सध्याचं चक्र जोरदार की कमजोर?"

मी त्या दिवशी पहिल्यांदाच घंटी दाबली. "जोरदार."

प्रश्न विचारणाऱ्या सरांनी हातातलं कार्ड पाहिलं. "चूक."

समोरच्या संघातला किरण लगेच म्हणाला, "कमजोर." टाळ्या पडल्या.

मी खाली बसले, पण तोंडातून निघून गेलं, "सर, कार्डावरचं उत्तर म्हणजे चक्र सुरू होतानाचं भाकीत होतं. नंतर डाग त्याहून बरेच जास्त आले."

"मग शास्त्रज्ञ खोटं बोलले काय?"

"नाही सर. त्यांनाही नक्की सांगता येत नाही."

सरांनी मोबाइलवर शोधलं आणि डोकं खाजवलं. "हो की. म्हणजे जोरदार. नक्की ना?"

"भाकितापेक्षा जोरदार, सर. पण जुन्या मोठ्या चक्रांपुढे कमजोरच."

शेजारच्या शिल्पाने मला कोपराने ढोसलं. "सुम्मनिर ग! गप बस, गुण जाईल."

तेवढ्यात किरण उठला. "सर, आम्ही शास्त्रज्ञांचंच उत्तर दिलं. नंतर सूर्य बदलला, त्यात आमची काय चूक?"

सर म्हणाले, "खरंय बाबा, तुझी काहीच चूक नाही," आणि गुण त्यांच्या संघाला दिला.

धारवाड येईपर्यंत शिल्पा बसमध्ये एकच विचारत होती, "मग चूक कोणाची ग, तुझी की सूर्याची?"

मला अजून सांगता येत नाही.