बॅटरीची खांदेमळणी

…न्हाई न्हाई, तुम्ही हसू नका! तुमच्या सासऱ्यानं कधी बॅटरीला हळद-लोणी चोळलंय का? न्हाई ना? मंग गप ऐका! तुम्हाला सांगतो, नांदेडला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान हाय, एवढाच माझा गुन्हा. त्यावरनं सासरवाडीत ठरून गेलं, वायर असलेलं काहीबी बिघडलं की वैजनाथ जावयाला बोलवा. बोअरचा स्टार्टर, पिठाची गिरणी, एकदा तर सासूबाईंचं कानातलं मशीन… आन् आता ही रिमोटची गाडी!

झालं असं, आमची सासरवाडी चाकूरजवळ. पोळ्याला येशीत तोरण बांधतात, त्याच्याखालनं पहिला बैल ज्याचा जाईल त्याचा मान. हा मान माझ्या सासऱ्याचा, शेषेराव मामांचा, का गुरुलिंगअप्पांचा, ह्यावर दोन्ही घरांत आज्या-पंज्यापासनं भांडण. पण आता गावात बैल हायेत कुठं? सगळे ट्रॅक्टरवाले! गेल्या पोळ्याला दोघांनी ट्रॅक्टरच सजवून आणले, दोघांनी एकदम घुसवले, तोरण तर गेलंच, येशीची कमानबी गेली! मंग पंचांनी डोकं लावलं. ‘बाबांनो, लेकरं खेळतात तसल्या रिमोटच्या गाड्या आणा. शिंगं बांधा, झूल घाला. ज्याची पहिली जाईल त्याचा मान.’ आता ह्याला काय म्हणावं!

लगेच मामांचा फोन. ‘जावईबापू, गाडी घेतली. पण सांगून ठेवतो, मान गेला तर मी गावात तोंड दाखवणार न्हाई. सरळ नांदेडला तुमच्याकडं येऊन राहणार. कायमचं.’

कायमचं! अहो, माझ्या खोल्या दोन! मामा पहाटं उठून खाकरतात तर अख्खी गल्ली जागी होती! दुकानाचं शटर ओढलं, बायकोला, म्हंजे सिंधुला, फटफटीवर बसवलं आन् पोळ्याच्या आदल्या दिवशी हजर.

बघतो तर गाडी एक आन् बॅटऱ्या तीन… तिन्ही तीन तऱ्हेच्या! बसलो समजावत. ‘मामा, ही निकॅड. हिला आधी पार उतरवायची, मंगच चार्जिंगला लावायची. अर्धवट असताना लावत गेलो की तिला तेवढ्याचीच सवय लागती.’ मामा म्हणले, ‘म्हंजे आपला मोऱ्या बैल! त्यालाबी कडकडून भूक लागल्याबिगर कडबा गोड लागत नव्हता.’ ‘ही दुसरी, निकेल-मेटल. तापायला लागली की काढायची. आन् नुसती पडून राहिली तरी आपोआप उतरती.’ ‘हरण्या! बसून बसून वाळायचा.’ ‘आन् ही लिपो. पळायला हीच सगळ्यात भारी, पण लई नाजूक! पार उतरवायची न्हाई, जास्त भरायची न्हाई, एकटी सोडायची न्हाई, आन् दुसऱ्याच्या चार्जरला तर लावायचीच न्हाई!’ मामांच्या डोळ्यांत टचकन पाणी. ‘सरज्या… माझा सरज्या…’

मामा, बॅटरी म्हंजे बैल न्हाई! पण ऐकतंय कोण?

संध्याकाळी सिंधुला म्हणलं, जरा लक्ष ठेव, मी पंचांकडं नियम इचारून येतो. परत येऊन बघतो तर… पाटावर तिन्ही बॅटऱ्या मांडल्यात आन् मामा त्यांना हळद-लोणी चोळून राहिलेत! पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची करतात तसली खांदेमळणी! आन् खाली वाकून बॅटरीच्या कानात… आता बॅटरीला कान कुठं सापडला देव जाणे… ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या!’ मी ओरडलो, ‘सिंधु, तू काय करून राहिली?’ तर म्हणती कशी, ‘अहो, निरांजन धरून राहिले, दिसत न्हाई का?’

पुसून पुसून माझे हात दुखले. लोणी लई चिवट असतंय तुम्हाला सांगतो.

सकाळी मी अंघोळीला गेलो. एवढाच वेळ, बरं का! बाहेर येतो तर मामांनी तिन्हीच्या तारा पिळून एकाच चार्जरला जोडलेल्या! ‘एका दावणीची जनावरं येगळ्या गव्हाणीत कशी जेवतील जावईबापू? सरज्या रुसला होता.’

मामा, बॅटरी म्हंजे बैल न्हाई! मी पिन ओढली, पण सरज्या… माझ्यापण तोंडात तेच बसलं बघा… लिपो फुगली होती टम्म! मामा बोंबलले, ‘पोट फुगलं! गोडतेल आणा!’

‘तेल नको मामा!’

‘मंग दाभण आणा! डाव्या कुशीत टोचलं की हवा जाती!’

‘मामा, हिला टोचलं की हवा न्हाई, घर जातंय!’

चुलीपुढचा चिमटा घेतला, बॅटरी धरली, टॉवेलवरच पळालो आन् अंगणातल्या वाळूच्या ढिगात नेऊन टाकली. फस्स्स! हा जाळ! हा धूर! मामांनी टोपी काढली. सिंधु हुंदके द्यायला लागली. शेजारच्या बाया दुखवट्याला बसायला आल्या हो! एक म्हणती, ‘गुणाचा होता.’ अगं बाई, कोण गुणाचा?

हरण्याचं वरचं प्लास्टिक वितळलेलं. राहिला मोऱ्या. त्याला मामांनी न उतरवताच खाऊ घातलेलं. तोच बसवला गाडीत. येशीत अख्खं गाव गोळा. हलगी सुरू झाली. आमची गाडी शिंगं हलवत निघाली आन् तोरणाच्या अलीकडं… बसली. मी डोळेच मिटले. पण अप्पांचीबी बसली! त्यांनी आठवडाभर आधी चार्ज करून बॅटरी देवघरात ठेवली होती, ती देवाच्या पाया पडता पडताच उतरून गेली.

पंच म्हणले, ‘बसल्या बैलाला हात लावायचा न्हाई. त्याच्या जोडीच्या बैलानं ओढला तर चालंल.’

जोडीचा बैल कुठनं आणायचा? आन् मामांनी हळूच माझ्याकडं बघितलं.

‘पंच हो,’ मामा म्हणले, ‘जावई आमच्याच दावणीचा हाय.’

मी म्हणलं, ‘मामा! बॅटरी म्हंजे बैल न्हाई हे खरं, पण म्हणून मी…’ आन् डोळ्यापुढं नांदेडच्या दोन खोल्या आल्या. ते खाकरणं कानात घुमलं. तुम्हाला सांगतो, मी खाली वाकलो. सिंधुनं, माझ्या लग्नाच्या बायकोनं, पाठीवर झूल टाकली, वर म्हणती, ‘अहो, मान खाली ठेवा, शोभत न्हाई!’ दावं कमरेला, गाडी मागं, आन् मी चार पायांवर तोरणाखालनं पार! बायांनी ओवाळलं. पुरणपोळी थेट तोंडात घातली.

मान राहिला. मामा गावातच राहिले. गुडघ्यांची सालं निघाली, पण खोल्या वाचल्या, म्हणलं चला, सुटलो. तर काल गुरुलिंगअप्पांचा फोन. आवाज लई गोड. ‘वैजनाथराव, आमच्या लेकीसाठी, साक्षीसाठी, स्थळ बघून राहिलो. तुमच्या वळखीत असंल कुणी तर सांगा. शिक्षण, नोकरी काही नसलं तरी चालंल… पोराचे गुडघे मजबूत पाहिजेत.’