साठ लेकींची आई

अहो, दचकलात काय! कोणीतरी नवी बंदूक तपासून बघतोय, आमच्या या बंदुका घडवणाऱ्या गावात, दर्ऱ्यात, दिवसभर हेच चालतं. कहवा घ्या, निवतोय. तर तन्वीरसाहेब, रागावू नका, पण तुम्ही लाहोरचे जुन्या बंदुकांचे शौकीन लोक जितक्या पटकन फसता ना, तितकं कोणी फसत नाही! हे मागे टांगलेले अमेरिकन बूट, ते रशियन पट्टे — हा माल खरा, सरहद्दीपलीकडे फौजा टाकून गेल्या, आम्ही वजनावर उचलला. पण इंग्रजांच्या काळातली मार्टिनी बंदूक म्हणाल, तर ती आमच्या घरीच जन्माला येते. माझ्या बाबांनी साठ घडवल्या, साठ! हातोडी आणि कानस, बस्स.

आणा इकडे ती तुमची मार्टिनी. हं — हे मागच्या लाकडी दस्त्यावर टोकरलेलं नाव बघितलंत? तुम्हाला वाटलं असेल, वा, कुठल्याशा गोऱ्या शिपायाचं नाव, म्हणजे अस्सल! अहो, आजोबांना इंग्रजांशी झालेल्या तिराहच्या लढाईत एक खरी मिळाली होती, तिच्यावर होतं ते. बाबांना इंग्रजी कुठे येतंय! त्यांना वाटलं, कारखान्याचाच छाप आहे. साठही बंदुकांवर तेच नाव, तसंच वाकडं, हुबेहूब. हसा, हसा, मीही हसतो. त्या खरीला आम्ही आई म्हणायचो. आईवरून माप घ्यायचं आणि लेक घडवायची. आईला विकायचं नाही — बाबांची एवढी एकच अट होती. थांबा, दस्त्याची ही लोखंडी पट्टी काढतो. आतलं लाकूड दाखवतो तुम्हाला, म्हणजे खात्रीच —

काही नाही. काही नाही हो, धूळ आहे. नकलीच आहे साहेब. बाबांच्याच हातची. असं करा, ठेवून जा, नकलीचा भाव मी देतो. बरं, दुप्पट देतो. आता असं संशयाने काय बघता? नकलीला दुप्पट का? आठवण म्हणून! बाबा आता आंधळे आहेत, भट्टीने डोळे खाल्ले त्यांचे. दर शुक्रवारी नमाजानंतर म्हणतात, झरवली, आई दे रे. मी देतो हातात. ते कुरवाळतात, म्हणतात, हं, हीच. आणि मी — मी एकोणीस वर्षं त्यांच्या हातात लेक देतोय. झालं, बोलून गेलो! बाबा पेशावरला इस्पितळात होते, कराचीचा व्यापारी घाईत होता, सहा बंदुका भिंतीला उभ्या, आई त्यांच्यातच; त्याला पाच हव्या होत्या. बाबांचं काम इतकं चोख की पोटच्या पोरालाही आई ओळखता आली नाही. चार लेकी आणि एक आई, सगळ्या एका भावात दिल्या मी. आई समजून मागे ठेवली तिची पट्टी महिन्याभराने उघडून बघितली तेव्हा कळलं, ती लेकच होती.

आत काय दिसलं ते विचारू नका. हळू बोला, बाबा त्या पडद्यामागेच बसलेत. ऐकलंत? हाका मारतायत. पट्टी काढल्याचा आवाज गेला असणार कानावर. एक उपकार करा साहेब, दोन मिनिटं ही त्यांच्या हातात देतो, फक्त दोन मिनिटं. तुम्हीही चला ना, पळवून नेत नाही. घ्या बाबा. शुक्रवार नाही आज, माहीत आहे, तरी घ्या.

काय म्हणालात बाबा? परत बोला.

...ऐकलंत साहेब? "आज आणलीस होय," म्हणाले. म्हणजे एकोणीस वर्षं त्यांना ठाऊक होतं. दर शुक्रवारी ठाऊक होतं, आणि हीच हीच म्हणत राहिले, मला वाईट वाटू नये म्हणून.

आता तुमच्याशी खोटं कुठल्या तोंडाने बोलू? अस्सल आहे ती. पट्टीखाली खिळ्याने कोरलेला उंट आहे ना, तो मी कोरला होता, सात वर्षांचा असताना, मार खाल्ला होता त्याच्यासाठी. लाहोरला कोणालाही दाखवा, लाखांत जाईल. तुमचीच आहे, न्या.

पण त्यांच्या हातातून तुम्हीच काढून घ्या. मला जमायचं नाही. मी बाहेर उभा राहतो.